रंग खरवडलेला ट्रान्झिस्टर

ओसी-७१ नावाचा एक ट्रान्झिस्टर होता. बोटाच्या पेराहून लहान काचेची नळी, तिच्यावर काळा रंग, खाली तीन तारांचे पाय आणि एका पायाच्या बाजूला लाल ठिपका. १९६८ साली मी सतरा वर्षांचा होतो आणि कॉलेज सुटल्यावर बडोद्याच्या मांडवीजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काकांच्या हाताखाली बसायचो. काका गुजराती, मी मराठी, आणि आमची बोली दोन्हींची मिसळ. एका दुपारी त्यांनी दाढीच्या ब्लेडने त्या नळीवरचा काळा रंग हळूहळू खरवडला. आत चकचकीत असं काही नव्हतं, फक्त एक करडा ठिपका आणि त्याला लागलेले दोन मणी. त्यांनी त्याच्या पायांना मीटर लावला आणि टॉर्चचा झोत टाकला. काटा उडाला. टॉर्च बंद केली, काटा खाली. पुन्हा टॉर्च, पुन्हा काटा.

"जो, आ जुए छे," काका म्हणाले. बघ, याला दिसतंय.

जर्मेनियमवर उजेड पडला की त्यातून वाहणारी वीज वाढते. रेडिओत तसं होऊ नये म्हणून कारखान्यात नळीला काळा रंग देत. हाच ट्रान्झिस्टर रंग न देता ओसीपी-७१ या नावाने उजेड टिपायला वेगळा विकला जायचा, पण तो महाग, आणि बडोद्यात मिळायचा नाही. म्हणून ब्लेड. पुढे ओसी-७१च्या नळीत आतूनच अपारदर्शक गोळा भरून येऊ लागला आणि रंग खरवडून काही हाती लागेना. आमच्या वाट्याला जुन्या मालाचे तीन आले. त्यातला एक अजून माझ्याकडे आहे.

उजेडावरून बोलणं धाडायची कल्पना मला त्या दुपारी सुचली. खरं तर मला बिनतारी ट्रान्समीटर बनवायचा होता. पण त्या काळी रेडिओ नुसता ऐकायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे, तर ट्रान्समीटरला वेगळा, मोठा परवाना. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एका वाक्यात विषय संपवला होता, "आपल्या घरात पोलीस येणार नाहीत." उरला उजेड.

मांडवी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या बडोद्याच्या कोटाच्या बरोबर मध्यभागी एक चौकोनी मंडप आहे, चारही अंगांना तीन-तीन कमानी. त्या कमानींतून चार रस्ते निघतात: पश्चिमेला लहेरीपुरा दरवाजा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं. जे शहरात येईल ते या कमानींखालून जाईल, असा तो हिशेब. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, एका पोळात, म्हणजे गल्लीत. अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, उभं राहिलं की मंडपाचा माथा दिसे, आणि रस्त्याच्या पलीकडे, तीन घरं सोडून, माझ्या मित्राची अगाशी. अंतर दीडशे फूट धरा. मध्ये मांडवीचा सगळा गजबजाट, पण वरून पाहिलं तर मोकळी हवा.

मित्राच्या बाजूला पाठवायचं यंत्र. त्याच्या वडिलांच्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या स्पीकरच्या तारा काढून आम्ही एका जुन्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला जोडल्या, आणि त्या ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू दोन सेल आणि टॉर्चचा बल्ब यांच्या ओळीत बसवली. सेल बल्बला कायम पेटता ठेवायचे. रेडिओतला आवाज त्या प्रवाहात किंचित भर-घट करायचा. डोळ्यांना बल्ब स्थिर दिसे. पण त्याचा उजेड निवेदकाच्या आवाजाबरोबर थरथरत असे. टॉर्चची वाटी त्या उजेडाचा झोत करायची. माझ्या बाजूला पत्र्याचा डबा, आतून काजळीने काळा केलेला, तोंडाला अण्णांचं वाचायचं भिंग, आणि भिंगाचा उजेड जिथे एका टिंबावर येतो तिथे तो खरवडलेला ओसी-७१. त्यामागे दोन ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर आणि कानाला लावायचा हेडफोन.

झोत भिंगावर आणायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. चौथ्या दिवशी, दिवेलागणीनंतर, हेडफोनमधून आकाशवाणीच्या अमदावाद-वडोदरा केंद्राच्या बातम्या आल्या. गुजरातीतल्या बातम्या, घोंगडीखालून बोलल्यासारख्या, पण शब्द कळत होते. मी भिंगासमोर हात धरला, बातम्या थांबल्या. हात काढला, पुढचं वाक्य सुरू. मला त्या क्षणी जे वाटलं ते आज पंच्याहत्तरीकडे झुकतानाही तसंच्या तसं आठवतं: हवेतून काहीतरी जात होतं आणि ते माझ्या तळहातावर पडत होतं.

त्यानंतर या विद्येचा इतिहास मी जमेल तसा वाचत राहिलो. मांडवीहून बँक रोडला सेंट्रल लायब्ररी आहे, सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून उभी केलेली. आजची इमारत १९३१ची. तिच्या पुस्तकांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरतो. त्या काचेवर उभं राहून मी फोटोफोनबद्दल, म्हणजे उजेडावरून बोलणं धाडणाऱ्या यंत्राबद्दल, पहिल्यांदा वाचलं. वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की झाली आणि ती आजवर बदललेली नाही. उजेड पाठवणं कधीच अवघड नव्हतं. अवघड होतं ते पलीकडे त्याला टिपणं. या विद्येचा इतिहास म्हणजे डोळ्याची जागा कोण घेणार, याचा इतिहास.

आधी फक्त डोळाच होता. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री सिंहगड सर झाला तेव्हा मावळ्यांनी गडावरच्या पागेचं गवत पेटवलं आणि राजगडावर शिवाजी महाराजांना कळलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आगीतून जाणारा निरोप एवढाच: घेतला. कोणी पडलं, किती पडले, तानाजी राहिले की गेले, हे त्या उजेडात मावत नव्हतं. त्यासाठी माणूसच दौडत जायला हवा होता. आमच्या भाषेत सांगायचं तर तो एका बिटाचा संदेश, आणि तो टिपायला राजगडावर कोणीतरी रात्रभर जागा.

पुढची पायरी पडली ती कराचीत, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. इराणच्या आखातातल्या तारखात्यात काम करणाऱ्या हेन्री मान्सने १८६९ साली हेलिओग्राफ तयार केला. तिकाटण्यावर एक गोल आरसा, त्याच्या मागे एक कळ. कळ दाबली की आरसा अगदी थोडा कलतो आणि सूर्याचा कवडसा दूरच्या डोंगरावरच्या माणसाच्या डोळ्यात पडतो. सोडली की कवडसा सरकतो. लांब कवडसा, आखूड कवडसा, म्हणजे मोर्सची लिपी. आरशाच्या मध्यावरचा पारा थोडा खरवडून भोक ठेवलेलं असे, त्यातून नेम धरायचा. सूर्य पाठीशी असेल तर दुसरा आरसा समोर ठेवून उजेड आधी वळवून घ्यायचा. आरशाच्या व्यासाच्या दर इंचाला दहा मैल असा पल्ल्याचा ढोबळ हिशेब धरत, म्हणजे पाच इंची आरशाला पन्नास मैल. दुसऱ्या अफगाण युद्धात, १८७८ ते १८८०, हिंदुस्थानातल्या फौजेने हे यंत्र भरपूर वापरलं. तारेचे खांब कोणी उपटू शकतं, कवडसा कोण उपटणार?

मला या यंत्राचं फार प्रेम आहे. त्यात वीज नाही, बॅटरी नाही, एक आरसा आणि एक स्प्रिंग. पण पलीकडे पुन्हा माणूसच. एक जण दुर्बिणीला डोळा लावून अक्षरं बोलणार, दुसरा लिहून घेणार. ढग आला की काम बंद, आणि डोळा थकला की चुका. माणसाचा डोळा सेकंदाला चार-पाच लखलखाट मोजू शकतो. त्याच्या पुढे मोजणं जमत नाही, आणि वेग आणखी बराच वाढला की सगळे एकत्र मिसळून दिवा नुसता पेटता दिसतो. म्हणजे उजेड कितीही घाईत असला तरी डोळ्याच्या चालीनेच चालायचं.

ती चाल मोडली सेलेनियमने. १८७३ साली विलोबी स्मिथ हा इंग्रज इंजिनियर समुद्राखालच्या तारा तपासण्यासाठी सेलेनियमच्या कांड्या वापरत होता. त्यांचा विजेला होणारा विरोध सारखा बदलायचा. शेवटी लक्षात आलं की पेटीचं झाकण उघडं असलं की बदलतो, मिटलं की थांबतो. एक दोष म्हणून सापडलेली ती गोष्ट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने उचलली. बेल आणि त्याचा सहकारी चार्ल्स टेंटर यांनी पातळ आरशाच्या पाठीवर बोलायचं ठरवलं. आवाजाने आरसा थरथरतो, कधी किंचित फुगीर, कधी किंचित खोलगट, आणि त्याच्यावरून परतणारा सूर्यप्रकाश तसाच एकवटतो-पसरतो. पलीकडे सेलेनियम, बॅटरी आणि टेलिफोनचा कानातला भाग. ३ जून १८८० रोजी वॉशिंग्टनमधल्या एका शाळेच्या छपरावरून बोललेलं वाक्य २१३ मीटरवर प्रयोगशाळेत ऐकू आलं. दीडशे फूट आणि २१३ मीटर, आमची बरोबरी नव्हती. पण आमची रचना तीच होती, एवढं मी छाती पुढे काढून सांगेन. टेलिफोनचा बाप असलेला बेल फोटोफोनला आपला सगळ्यांत मोठा शोध मानायचा. आपल्या नव्या जन्मलेल्या मुलीचं नाव फोटोफोन ठेवावं असंही त्याच्या मनात होतं. बायकोने ते होऊ दिलं नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, १८९० साली, बडोद्यात कलाभवन सुरू झालं. सयाजीरावांनी त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या हाती ते सोपवलं. गज्जरांचा आग्रह असा की रंगकाम, यंत्रकाम, रसायन हे कारागिराच्या पोराला त्याच्या भाषेत शिकवायचं. दादासाहेब फाळके तिथे शिकले आणि उजेडाला पडद्यावर नाचवायला नाशिक-मुंबईकडे गेले. राजमहाल रोडवरच्या इंजिनियरिंग कॉलेजला बडोदेकर अजून कलाभवनच म्हणतात. आमच्या काकांचे वडीलही तिथे शिकून आलेले, म्हणून ब्लेडने रंग खरवडायची वृत्ती त्या दुकानात दोन पिढ्यांची होती. यंत्र उघडून बघायचं, दोष सापडला तर तो कशाला उपयोगी पडेल ते बघायचं. कलाभवनाने बडोद्याला हे दिलं, असं माझं मत आहे.

कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस त्याच काळात गॅलीनाच्या म्हणजे शिशाच्या खनिजाच्या खड्यावर काम करत होते. त्यांच्या या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४चं. खडा बिनतारी लहरींना जागा होई आणि उजेडालाही. मी ते वाचलं तेव्हा काकांचं ते वाक्य पुन्हा कानात आलं. खड्यालाही दिसत होतं.

आता मांडवीच्या आवाजाबद्दल सांगतो, कारण हे पुस्तकात नाही.

आमचं यंत्र चालू असताना बातम्यांच्या मागे एक सततची गुणगुण यायची. आम्ही तारा बदलल्या, कंडेन्सर बदलले, डब्याला अर्थिंग दिलं. गुणगुण तशीच. मग एके रात्री मित्राचा बल्ब बंद असताना मी डबा सहज खाली रस्त्याकडे वळवला आणि गुणगुण एकदम मोठी झाली. रस्त्यावरच्या दुकानातली ट्यूबलाईट होती. विजेचे सेकंदाला ५० फेरे, प्रत्येक फेऱ्यात दिवा दोनदा पेटतो-मंदावतो, म्हणून सेकंदाला शंभर. डोळ्याला जे कधी दिसलं नव्हतं ते कानाला ऐकू येत होतं. त्यानंतर कित्येक रात्री मी नुसते दिवे ऐकले. ट्यूबलाईटची गुणगुण खरखरीत, साध्या बल्बची मऊ, कारण बल्बची तार तापलेली राहते आणि उजेड पुरता मंदावत नाही. फळांच्या लारीवरची पेट्रोमॅक्स जवळजवळ गप्प. तिचा उजेड विजेच्या तालावर चालतच नाही. कार्तिकी पौर्णिमेला नरसिंहजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, मांडवीवरून गेला तेव्हा मी डबा घेऊन अगाशीवर होतो. खालून पेट्रोमॅक्सची रांग सरकत होती, ढोल वाजत होते, आणि माझ्या हेडफोनमध्ये मात्र शांत, पांढरी सळसळ.

आणि उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. दिवसा तर यंत्र चालायचंच नाही, सूर्य ओसी-७१ला इतका भरून टाकायचा की आमचा बल्ब त्यात बुडून जाई. पण रात्री पोरं पतंगाच्या दोरीला टुक्कल बांधून सोडायची, आत मेणबत्ती असलेले कागदी कंदील, एकाखाली एक. असा एक टुक्कल आमच्या झोताच्या वाटेत आला. निवेदकाच्या आवाजावर एक जाडसर फडफड चढली, मग आवाज पुरता गेला, नुसती फडफड राहिली, आणि मग ती दोरीबरोबर पाणीगेटकडे निघून गेली. मेणबत्तीची ज्योत वाऱ्यात कशी हलते ते मी ऐकलं होतं.

बातम्या घोंगडीखालून का यायच्या, तेही मग कळलं. दोष त्याच तारेचा. बल्बची तार जाड, ती तापायला-निवायला वेळ घेते, त्यामुळे आवाजातले बारीक सूर, 'स' आणि 'श', ती गिळून टाकते. लहान, कमी प्रवाहाचा बल्ब लावला तर थोडं सुधारलं. पूर्ण सुधारलं ते १९७८ साली, माझ्या हाती पहिला लाल एलईडी आला तेव्हा. निक होलोन्याकने तो १९६२ सालीच तयार केला होता, मांडवीच्या दुकानापर्यंत यायला इतकी वर्षं गेली. एलईडीत तापणारी तार नाही. सेकंदाला लाखो वेळा तो पेटतो-विझतो. तोवर मी एका तंत्रशिक्षण संस्थेत नोकरीला लागलो होतो. तिथे मी या प्रयोगाचा प्रस्ताव लिहून दिला, तो परत आला नाही आणि त्याबद्दल कोणी मला बोलावलंही नाही. मी नोकरी सांभाळली, प्रयोग घरी.

२००१च्या सुमारास प्राग शहरात कारेल कुल्हावी नावाच्या तरुणाने रोंजा नावाचं यंत्र तयार केलं आणि त्याचे आराखडे सगळ्यांसाठी मोकळे सोडले. मला ते सापडले तेव्हा मी अक्षरशः रडलो. धुराड्याच्या पत्र्याची नळी, तोंडाला वाचायचं भिंग, त्याच्या केंद्रावर लाल एलईडी. दुसऱ्या नळीत तसंच भिंग आणि सिलिकॉनचा फोटोडायोड. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर १.४ किलोमीटर, सेकंदाला एक कोटी बिट. अण्णांचं भिंग आणि पत्र्याचा डबाच होता तो. त्यात मला सगळ्यांत सुंदर वाटलेली गोष्ट म्हणजे, पाठवायला काही नसलं तरी दिवा नुसता पेटता ठेवत नाहीत. तो ठरावीक वेगाने लुकलुकत राहतो, म्हणजे पलीकडच्या फोटोडायोडला अंधार कुठे आणि उजेड कुठे याचं भान राहतं.

पांढऱ्या एलईडीची गोष्ट वेगळी. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळं चमकणारा लेप दिला की पांढरा. पण लेप आळशी, निळा विझला तरी तो रेंगाळतो. म्हणून घरातल्या पांढऱ्या दिव्यावरून वेगाने काही घ्यायचं तर पलीकडे निळी काच लावून तेवढाच उजेड टिपतात. एडिंबरोच्या हॅराल्ड हासने २०११ साली टेबललॅंपमधून व्हिडिओ पाठवून दाखवला आणि लाय-फाय हा शब्द सगळीकडे गेला. २०२३ साली त्याचं मानकही आलं, पण त्यातला उजेड अवरक्त, डोळ्याला न दिसणारा.

माझी नात इंजिनियरिंगला आहे. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "आबा, तुमचा तो डबा दाखवा." आम्ही दोघांनी नवा केला. मायक्रोकंट्रोलर, लाल एलईडी, छोटा फोटोडायोड, आणि बाजूचा उजेड अडवायला उदबत्तीच्या पुड्याची काळी केलेली नळी. तिने पहिला शब्द निवडला: मांडवी. देवनागरीतल्या त्याच्या सहा खुणा, प्रत्येकीला संगणक तीन बाइट देतो, म्हणजे अठरा बाइट. सेकंदाला १२०० बिटांच्या सावकाश गतीनेही तो शब्द डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात पोचतो. हेलिओग्राफवर, मिनिटाला बारा शब्दांच्या हाताने, रोमन अक्षरांत तोच शब्द पाठवायला सहा सेकंद लागले असते. पण आमचा पहिला प्रयत्न सगळा कचरा आला. तिने तारा तपासल्या, प्रोग्राम तपासला. मी फोटोडायोडकडे बघत होतो. त्याच्या मागचा ट्रान्झिस्टर उजेडाला अंधार म्हणत होता आणि अंधाराला उजेड. शून्य-एक उलटे झाले होते. तिने प्रोग्राममध्ये एक चिन्ह बदललं आणि पडद्यावर उजळ अक्षरांत उमटलं: मांडवी.

परवा संध्याकाळी मी तिच्याकडून तो फोटोडायोड आणि छोटा अँप्लिफायर घेऊन मांडवीच्या कमानींखाली गेलो. कानात इयरफोन. शंभरची ती जुनी गुणगुण शोधत होतो. दुकानांच्या एलईडी पाट्यांवरून करवतीसारखी कर्कश किरकिर येत होती, सरकत्या अक्षरांबरोबर तिचा सूर बदलत होता. नव्या रस्तादिव्यांत काही गप्प, काही शिटी घालणारे. एका पानवाल्याच्या गाळ्यात जुनी ट्यूबलाईट होती, तिच्यापाशी मी बराच वेळ उभा राहिलो. पानवाल्याने विचारलं, "काका, शुं सांभळो छो?" मी इयरफोन त्याच्या कानाला लावला.

मग विठ्ठल मंदिरात गेलो. गाभाऱ्यात नंदादीप होता. फोटोडायोड तिकडे वळवला आणि आत तेलाच्या ज्योतीची ती फडफड आली, पाणीगेटकडे गेलेल्या टुक्कलसारखी.